पुस्तकांनी तारलेले गाव



आमच्या प्रौढवर्गात एकदा एक मावशी आल्या. पाटी मांडीवर घेतली, दोन अक्षरे गिरवली आणि थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, एक इचारू का? आता या वयात वाचायला शिकून काय मिळायचं? पुस्तकावर कुणाचं पोट भरतंय व्हय?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मावशींचे दोन्ही मुलगे कामासाठी शहरात गेलेले. गावात हाताला काम नाही. अशा बाईने पोटाचा प्रश्न विचारला, तर त्यात तिचे काय चुकले? आमच्याकडे उत्तर तयार नव्हते. "पुढच्या आठवड्यात सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

मग आम्ही शोधाला लागलो. पुस्तकावर पोट भरणारे गाव जगात कुठे आहे का? आणि काय गंमत पाहा, असे गाव खरोखरच सापडले! त्या गावाची हकीकत या पाठात सांगतो.

गाव कोठे आहे?

या गावाचे नाव विग्टाउन. ते स्कॉटलंडमध्ये आहे. इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेला मुलूख म्हणजे स्कॉटलंड. मुंबईचे विल्सन कॉलेज तुम्ही ऐकले असेल. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन विल्सन हे स्कॉटलंडचेच.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गॅलोवे नावाचा भाग आहे. तिथे जमिनीचा एक पट्टा समुद्रात शिरला आहे. त्याच्या पूर्व काठावर, खाडीच्या बाजूला, एका उंचवट्यावर विग्टाउन वसले आहे. वस्ती किती? हजाराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे एखादे लहान खेडेच म्हणा ना.

तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. त्यामुळे गवत भरपूर. गवत भरपूर म्हणून गुरे भरपूर, आणि गुरे आहेत म्हणून दूधही आहे. या भागातली एक गाय मोठी पाहण्यासारखी असते. अंग काळे आणि पोटाभोवती पांढरा रुंद पट्टा, जसा कुणी पांढरा शेला गुंडाळावा! तिला शिंगे नसतात. या गायींचे केस दाट असतात, त्यामुळे थंडीपावसात त्या बाहेर चरू शकतात.

उन्हाळ्यात तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात मात्र दुपारी चार वाजायच्या आत अंधारू लागते. लांब रात्री आणि बाहेर पाऊस. अशा वेळी चुलीजवळ बसून वाचण्याची सवय लोकांना लागली तर नवल नाही.

जुने बाजाराचे गाव

गाव लहान, पण मान मोठा. जुन्या काळी स्कॉटलंडच्या राजाने काही गावांना शहराचा दर्जा दिला होता. अशा गावाला बाजार भरवण्याचा आणि परदेशाशी व्यापार करण्याचा हक्क असे. विग्टाउन हे त्यांपैकी एक. पुढे ते आपल्या जिल्ह्याचे मुख्य ठाणेही झाले. खाडीत बंदर होते. तिथे गलबते लागत.

गावाच्या मध्यभागी एक लांबरुंद चौक आहे. एवढ्याशा गावाला एवढा मोठा चौक कशाला? त्याचे कारण गुरे. रात्री गावची गुरे या चौकात आणून कोंडत. आज तिथे गुरे नाहीत. हिरवळ आहे, झाडे आहेत, बसायला बाके आहेत.

चौकात दगडी खांब उभे आहेत. बाजाराची जागा दाखवायला असे खांब उभारण्याची तिकडे रीत होती. त्यांतला एक १७३८ सालचा आणि दुसरा १८१६ सालचा. दुसरा खांब १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईतील विजयाची आठवण म्हणून उभारला. चौकाच्या टोकाला जिल्हा कचेरीची भव्य दगडी इमारत आहे. ती १८६२ च्या सुमारास बांधली. आज त्या इमारतीत गावचे वाचनालय आहे.

दोन मार्गारेट

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट तिकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे.

साल १६८५. म्हणजे आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांचा काळ. त्या वेळी स्कॉटलंडच्या राजाचे म्हणणे होते की, देवळाचा कारभारही माझ्याच हुकमाने चालेल. पुष्कळ शेतकरी आणि कामकरी लोकांना हे मान्य नव्हते. ते म्हणत, राज्य तुझे, पण देव आणि आमच्यामध्ये तू येऊ नकोस. राजाच्या देवळात जायचे सोडून हे लोक माळावर, डोंगरात जमून प्रार्थना करीत. यावर सरकारने एक शपथ काढली. शपथ घ्या आणि सुटा. नाही घेतली तर मरण.

विग्टाउनला दोन बायकांना धरून आणले. दोघींचे नाव मार्गारेट. एक मार्गारेट मॅक्लॅक्लन. ही साठी उलटलेली विधवा. दुसरी मार्गारेट विल्सन. ही शेतकऱ्याची मुलगी, वय अवघे अठरा. तिची लहान बहीण ॲग्नेस हिलाही धरले होते. बापाने शंभर पौंडांचा जामीन लिहून दिला आणि तिला सोडवले. थोरली मात्र सुटली नाही.

दोघींनी शपथ घेतली नाही. तेव्हा शिक्षा अशी ठरली की, ओहोटीच्या वेळी खाडीत खुंट रोवायचे, त्यांना दोघींना बांधायचे आणि भरतीची वाट पाहायची. म्हातारीला पुढे, खोल बाजूला बांधले. हेतू असा की, तिला बुडताना पाहून तरी पोर घाबरेल आणि शपथ घेईल. पाणी चढले. म्हातारी गेली. पोरीला विचारले. ती नाही म्हणाली. पाणी आणखी चढले. तीही गेली. तो दिवस ११ मे १६८५.

हे आम्हाला कसे कळले? १७११ साली तिकडच्या एका चर्चच्या दप्तरात ही हकीकत लिहून ठेवली, म्हणून. आणखी एक कागद आहे. राजधानी एडिंबरोच्या दरबारी नोंदीत ३० एप्रिल १६८५ या दिवशी या दोघींची शिक्षा तहकूब केल्याचे लिहिलेले आहे! तो कागद पाहून पुढे काही विद्वानांनी असाही वाद घातला की, शिक्षा झालीच नसावी. पण गावाची आठवण पक्की आहे. चर्चच्या आवारात दोघींच्या कबरी आहेत. याच छळात फाशी गेलेल्या तीन पुरुषांच्याही कबरी तिथेच आहेत. गावाजवळच्या टेकडीवर १८५८ साली त्यांचे स्मारक उभारले. नदीचा प्रवाह आता सरकला आहे. जिथे पाणी होते तिथे गवताळ दलदल झाली आहे. त्या गवतात एक दगडी खुंट उभा आहे. लोक तिथवर चालत जातात आणि घटकाभर गप्प उभे राहतात.

गावोगाव शाळा

काही वर्षांनी राज्य बदलले. तो राजा पळून गेला. १६९६ साली स्कॉटलंडमध्ये एक कायदा झाला. त्यात असे ठरले की, प्रत्येक गावपेठ्यात एक शाळा असलीच पाहिजे. शाळेची इमारत आणि मास्तरांचा पगार याची सोय तिथल्या जमीनदारांनी करायची. कायदा झाला म्हणून लगेच सगळीकडे शाळा उघडल्या असे नाही. पण हळूहळू शेतमजुराचे पोरही वाचू लागले. धर्मग्रंथ ज्याचा त्याने स्वतः वाचावा, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. त्यामुळे घरात दुसरे काही नसले तरी एक पुस्तक असेच. पुढे १८७२ साली पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले.

पुस्तकांची आवड अशी एका दिवसात येत नाही. ती पिढ्यानपिढ्या मुरते.

वाईट दिवस

विग्टाउनला १८७५ साली आगगाडी आली. गाडीने दूध, लोणी, गुरे बाहेर जाऊ लागली. गावाजवळ ब्लॅडनॉख नावाची नदी आहे. तिच्या काठी दुधाचा कारखाना होता. तिथेच दारू गाळण्याचा एक कारखाना १८१७ पासून चालू होता. दारूची आम्ही शिफारस करीत नाही, हे तुम्ही जाणताच. पण त्या कारखान्याने कितीतरी घरांची चूल पेटत ठेवली होती, हे खरे.

मग एकेक दोर तुटू लागला. बंदर गाळाने भरत गेले. १९५० साली प्रवासी गाडी बंद झाली. १९६४ साली मालगाडीही थांबली. पुढे दुधाचा कारखाना बंद पडला. १९९३ साली दारूचा कारखानाही बंद झाला. काम गेले, तशी तरुण मंडळी गाव सोडून चालली. चौकातल्या दुकानांना कुलपे लागली. घरांचे रंग उडाले, छपरे गळू लागली. जिल्हा कचेरीची ती भव्य इमारतही मोडकळीला आली.

वाचकहो, हे चित्र ओळखीचे वाटते ना? देश वेगळा, भाषा वेगळी, पण कुलूप लागलेले दार सगळीकडे सारखेच दिसते.

सहा गावांची चढाओढ

आता वेल्सकडे वळू. वेल्स हा ब्रिटनचाच एक भाग. तिथे हे-ऑन-वाय नावाचे गाव आहे. १९६० नंतरच्या काळात रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने तिथे जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. एकाची अनेक दुकाने झाली. हा माणूस मोठा विनोदी. १९७७ साली १ एप्रिलला त्याने स्वतःला गावचा राजा म्हणून जाहीर करून टाकले! वर्तमानपत्रांनी ते छापले. लोक राजा पाहायला आले आणि पुस्तके घेऊन गेले. तेव्हापासून 'पुस्तकांचे गाव' ही कल्पना जगभर पसरली.

स्कॉटलंडमध्येही असे एक गाव असावे, असे ठरले. त्यासाठी सहा गावांनी अर्ज केले. विग्टाउन हे त्यांपैकी एक. ते इतरांपेक्षा आडबाजूला होते. तिथे आगगाडी नव्हती. पण त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक, रिकामी पडलेली आणि स्वस्तात मिळणारी घरे. दुसरी, काहीतरी करून गाव उभे करायचेच, असा गावकऱ्यांचा हट्ट. निवड विग्टाउनची झाली. १९९८ साली ते स्कॉटलंडचे राष्ट्रीय पुस्तक-गाव म्हणून जाहीर झाले.

पाहा, रिकामी घरे ही गावाची लाज होती. तीच गावाचे भांडवल ठरली.

पुस्तकांचा बाजार कसा चालतो?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. पुस्तकावर पोट कसे भरते?

इथली दुकाने मुख्यतः जुन्या पुस्तकांची. कुणी म्हातारे माणूस वारते, कुणी घर बदलते. घरात कपाटे भरून पुस्तके असतात. वारस दुकानदाराला बोलावतात. दुकानदार एकेक पुस्तक चाळतो. काही पुस्तके सर्वसाधारण, ती स्वस्तात विकायची. एखादे दुर्मिळ निघते. त्याला मोठी किंमत येते. सोने पारखायला जशी नजर लागते, तशीच इथेही लागते. फक्त इथे नजरेबरोबर वाचनही लागते.

गिऱ्हाईक पुस्तक घ्यायला येते, पण पुस्तक घेऊन लगेच परत जात नाही. त्याला चहा लागतो, जेवण लागते, रात्री राहायला खोली लागते. म्हणजे पुस्तकवाल्याबरोबर खानावळवालाही जगतो. पडके घर दुरुस्त होते, म्हणजे सुताराला आणि गवंड्याला काम मिळते. एक पुस्तक असे चार घरी दिवा लावते.

तिथले सर्वांत नावाजलेले दुकान चौकातच आहे. त्याचे नाव साधेच, 'द बुक शॉप'. जुन्या पुस्तकांचे स्कॉटलंडमधले हे सर्वांत मोठे दुकान म्हणून ओळखले जाते. त्यात सुमारे एक लाख पुस्तके आहेत. मालकांचे नाव शॉन बायथेल. अठरा वर्षांचे असताना त्यांनी हे दुकान पाहिले आणि मित्राला म्हणाले, हे काही वर्षभर टिकत नाही! पुढे २००१ साली तेच दुकान त्यांनी विकत घेतले. दुकानातल्या रोजच्या गमतीजमती त्यांनी लिहून काढल्या. ते पुस्तक २०१७ साली छापले गेले आणि अनेक भाषांत गेले. या गृहस्थांनी पुस्तक वाचण्याचे एक विजेचे यंत्र बंदुकीने उडवले आणि ते फुटके यंत्र दुकानाच्या भिंतीवर टांगून ठेवले! कागदावरच्या पुस्तकावर एवढे प्रेम.

आणखी एक दुकान तर नवलाचे. त्याचे नाव 'द ओपन बुक'. हे दुकान पाहुण्यांनी चालवायचे असते. माडीवर राहायचे आणि खाली काही दिवस दुकानदार व्हायचे. त्यासाठी भाडेही पाहुण्यानेच द्यायचे! तरी देशोदेशीचे लोक त्यासाठी आपला नंबर लागण्याची वाट पाहत असतात.

१९९९ पासून गावात पुस्तकांचा उत्सव भरू लागला. सप्टेंबरअखेर सुरू होऊन तो दहा दिवस चालतो. आपल्याकडे जत्रेत जसे तमाशाचे आणि कुस्त्यांचे फड, तसे तिथे लेखकांची भाषणे, कवितावाचन, गाणी आणि मुलांसाठी गोष्टी. हजार वस्तीच्या गावात हजारो माणसे येतात.

आणखी काय पाहावे?

पुस्तकांशिवायही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गावाखालची खाडी आणि दलदल १९९२ पासून राखीव ठेवली आहे. हिवाळ्यात उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातून रानहंसांचे थवेच्या थवे तिथे उतरतात. ते पाहायला लाकडी आडोसे केले आहेत, म्हणजे पाखरे बुजत नाहीत.

गावापासून काही मैलांवर टॉरहाउस नावाच्या जागी एकोणीस दगडांचे रिंगण आहे. ते हजारो वर्षांपूर्वीचे आहे. ज्यांनी ते दगड उभे केले, त्यांना लिहिणे ठाऊक नव्हते. म्हणून त्यांचे नाव नाही, गाव नाही. त्यांनी हे कशासाठी केले, तेही आज कुणाला ठाऊक नाही. त्या दोन मार्गारेटची नावे मात्र आपण आज इथे बसून घेतली. कारण कुणीतरी ती लिहून ठेवली.

नदीकाठचा तो जुना कारखानाही पुढे नव्या मालकांनी घेतला आणि तो पुन्हा सुरू झाला.

पण सगळे सोन्यासारखे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. आगगाडी परत आलेली नाही. दुकाने उघडतात, तशी कधी बंदही होतात. आता लोक घरबसल्या पुस्तके मागवतात, त्याचा फटका बसतो. तरुण मुले आजही मोठ्या शहरांकडे जातात. पुस्तकांनी गाव श्रीमंत केले नाही. पुस्तकांनी गाव जगवले. हेही काही थोडे नाही.

आपल्याकडे काय?

तुम्ही म्हणाल, हे झाले गोऱ्यांच्या देशात. आपल्याकडे कसले आले? तर ऐका. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये भिलार नावाचे गाव आहे. स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी ते आधीच प्रसिद्ध होते. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले. हे-ऑन-वायची कल्पना ऐकून राज्य सरकारने हा उपक्रम घेतला. तिथे गावकऱ्यांनी आपल्या घरांत, ओसरीवर, देवळात पुस्तकांना जागा दिली. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली. फरक एवढाच की, विग्टाउनला पुस्तके विकतात, तर भिलारला ती कुणीही बसून फुकट वाचावी.

मावशींना दिलेले उत्तर

पुढच्या आठवड्यात आम्ही ही सारी हकीकत वर्गात सांगितली. मावशी शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही जाऊन आला व्हय त्या गावाला?"

आम्ही म्हणालो, "नाही हो मावशी. आम्हाला मुंबईच्या पलीकडचे जग ठाऊक नाही. हे सगळे आम्ही वाचून सांगतो आहोत."

मावशी क्षणभर गप्प झाल्या. मग पाटी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मग मला त्या पोरीचं नाव लिहून द्या. मार्गारेट. मी गिरवते."

आम्ही नाव लिहून दिले. त्या दिवशी त्यांनी ते पाच वेळा गिरवले. सहाव्या वेळी न बघता लिहिले.

शब्दांचे अर्थ

नैर्ऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांच्यामधली दिशा
गलबत – समुद्रात चालणारे शिडाचे जहाज
तहकूब करणे – पुढे ढकलणे, तूर्त थांबवणे
दप्तर – कचेरीतील लिहिलेले कागद
भांडवल – धंद्यात घालायचा पैसा किंवा वस्तू
दुर्मिळ – सहज न मिळणारे

उत्तरे द्या

१. विग्टाउनच्या चौकात पूर्वी रात्री काय ठेवत असत?
२. मार्गारेट विल्सनला कोणत्या साली शिक्षा झाली? ती हकीकत कुठे लिहून ठेवली आहे?
३. गावातले कोणकोणते उद्योग बंद पडले?
४. पुस्तकांच्या दुकानामुळे आणखी कोणाला काम मिळते?
५. विग्टाउन आणि भिलार यांत फरक कोणता?

आपसांत बोला

आपल्या गावात रिकामी पडलेली घरे किंवा जागा किती आहेत? त्यांचा गावासाठी काय उपयोग करता येईल? चार जणांनी मिळून विचार करा आणि तो कागदावर लिहून काढा. लिहिलेले टिकते.